नोड जेएसमध्ये रिमोट कनेक्शनच्या कोडची टेस्ट: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

टेस्टमध्ये मधेच '५०० मिलिसेकंद थांब' अशी ओळ दिसली की ती टेस्ट एक ना एक दिवस दगा देणार हे नक्की. लॅपटॉपवर ती रोज पास होते आणि सीआयच्या (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या) मशीनवर आठवड्यातून दोनदा पडते. मग कोणीतरी ५०० चे २००० करतं. काही दिवस शांतता, पुन्हा तेच. सहा महिन्यांनी टेस्टचा सगळा संच चालायला दहा मिनिटं लागतात आणि पडलेली टेस्ट बघून टीममध्ये सगळे म्हणतात, "पुन्हा रन कर, होईल पास."

दुसरी चूक याहून वाईट. ती टेस्ट कधीच पडत नाही, कारण ती काही तपासतच नाही. मी स्वतः लिहिलेली अशी एक टेस्ट कित्येक महिने हिरवी दिसत होती. एक अवेट (प्रॉमिस, म्हणजे नंतर मिळणारा निकाल, येईपर्यंत थांबायला लावणारा शब्द) राहून गेला होता, एवढंच.

दोन्ही चुका वाट बघण्यातल्या आहेत. पलीकडची बाजू, म्हणजे सर्व्हर, टेस्टच्या ताब्यात नसते, म्हणून टेस्ट अंदाजाने थांबते किंवा थांबतच नाही. खालचा सगळा क्रम ती बाजू ताब्यात घेण्याचा आहे.

उदाहरण एकच धरू. आपला क्लायंट टीसीपीवरून (दोन मशीनमध्ये बाइट क्रमाने पोचवणाऱ्या प्रोटोकॉलवरून) एका दूरच्या सर्व्हरशी जोडला जातो. प्रत्येक निरोप म्हणजे जेसनची (किल्ली आणि किंमत अशा मजकुराची) एक ओळ, शेवटी नवी ओळ. उत्तर ५ सेकंदांत आलं नाही तर एरर द्यायची, आणि कनेक्शन तुटलं तर थोडं थांबून पुन्हा जोडायचं. नोडची आवृत्ती २० किंवा पुढची आणि त्यातच येणारा टेस्ट रनर (टेस्ट चालवणारं साधन) गृहीत धरला आहे. हा रनर १८ मध्ये प्रायोगिक होता, २०२३ मध्ये आलेल्या २० पासून स्थिर आहे. मोका किंवा जेस्ट हे दुसरे रनर वापरत असाल तरी क्रम हाच. चिकटवायला तयार कोड देण्यापेक्षा पायऱ्या शब्दांत लिहितोय, कारण घोळ कोडात कमी आणि क्रमात जास्त होतो.

## टप्पा १: टेस्टला हात घालण्याआधी क्लायंट मोकळा करा

क्लायंटच्या आत ज्या गोष्टी घट्ट बसवलेल्या असतात, त्या बाहेरून देता आल्या पाहिजेत.

१. पत्ता आणि पोर्ट. ते एनव्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून थेट क्लायंटच्या आत वाचू नका, कन्स्ट्रक्टरला द्या.

२. सगळ्या मुदती: जोडणीची, उत्तराची आणि पुन्हा जोडण्याआधीच्या थांब्याची. प्रॉडक्शनमध्ये ५००० मिलिसेकंद असू दे, टेस्टमध्ये ५० देता आलं पाहिजे.

३. सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) तयार करणारं फंक्शन. एरवी ते नेट मॉड्यूलचं कनेक्ट असेल. टेस्टमध्ये गरज पडली तर आपलं देऊ.

४. बंद करण्याची मेथड, जी प्रॉमिस परत देते आणि सगळं खरोखर बंद झाल्यावरच पूर्ण होते.

चौथी गोष्ट बहुतेक क्लायंटमध्ये नसते. ती नसेल तर पुढचं वाचण्याआधी ती लिहा. बंद न होणाऱ्या क्लायंटची नीट टेस्ट करता येत नाही, आणि प्रॉडक्शनमध्ये डिप्लॉयच्या वेळी तोच क्लायंट प्रोसेस अडकवून ठेवतो.

याच वेळी आलेल्या बाइटमधून ओळी वेगळ्या काढणारा भाग सॉकेटपासून तोडून स्वतंत्र करा. त्याला बफर (बाइटचा तुकडा) द्यायचा, त्याने पूर्ण झालेल्या ओळी परत द्यायच्या. सॉकेटचं नावही त्याला माहीत नको. टप्पा ४ मध्ये याचं कारण कळेल.

तपासा: क्लायंटच्या फाइलमध्ये 'लोकलहोस्ट', पोर्टचा आकडा किंवा सेकंदांचा आकडा शोधा. डीफॉल्ट किंमत सोडून कुठे सापडला तर टप्पा १ अपुरा आहे.

## टप्पा २: पलीकडचा सर्व्हर टेस्टमध्येच उभा करा

नेट मॉड्यूलच्या क्रिएट सर्व्हरने छोटा सर्व्हर बनवा आणि लिसनला पोर्ट म्हणून ० द्या. शून्य दिलं की ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट स्वतः निवडते. नोडचा रनर टेस्टच्या फाइली वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये एकाच वेळी चालवतो. ठरावीक पोर्ट लिहिलात तर दोन फाइली एकाच पोर्टवर भांडतील आणि 'पत्ता आधीच वापरात आहे' अशी एरर येईल.

इथला क्रम चुकू देऊ नका: आधी लिसन, मग लिसनिंग इव्हेंटची वाट, आणि त्यानंतरच ॲड्रेस विचारून पोर्ट घ्या. इव्हेंटच्या आधी ॲड्रेस विचारला तर नल मिळतं.

लिसनला १२७.०.०.१ हा पत्ता स्पष्ट द्या आणि क्लायंटलाही तोच द्या. 'लोकलहोस्ट' लिहू नका. नोड १७ पासून डीएनएसची (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची) उत्तरं आली त्याच क्रमाने वापरली जातात, त्यामुळे 'लोकलहोस्ट'चा अर्थ एका मशीनवर १२७.०.०.१ होतो आणि दुसऱ्यावर आयपीव्ही६ चा ::१. सर्व्हर एका पत्त्यावर आणि क्लायंट दुसऱ्या, असं झालं की कनेक्शन नाकारल्याची एरर येते. नोड २० दोन्ही पत्ते आळीपाळीने करून बघतो, म्हणून हल्ली हे कमी दिसतं. पण टेस्टने अशा नशिबावर का राहावं?

सर्व्हरकडे आलेलं प्रत्येक सॉकेट एका सेटमध्ये ठेवा आणि क्लोज झालं की काढून टाका. टप्पा ७ मध्ये हा सेट लागणार आहे.

सावधान: सर्व्हरच्या बाजूच्या सॉकेटलाही एररचा लिसनर (एरर आली की चालणारं फंक्शन) लावा. लिसनर नसलेली एरर नोडमध्ये थेट फेकली जाते. टेस्टमध्ये कनेक्शन मुद्दाम तोडाल तेव्हा क्लायंट बरोबर वागेल आणि टेस्ट मात्र तुमच्याच खोट्या सर्व्हरमुळे कोसळेल.

## टप्पा ३: पहिली टेस्ट, आणि वाट कशी बघायची

पहिली टेस्ट साधी ठेवा: जोडा, एक निरोप पाठवा, उत्तर तपासा, बंद करा. मेहनत वाट बघण्याच्या पद्धतीवर घ्या.

इव्हेंट्स मॉड्यूलमधलं वन्स हे फंक्शन एखादा इव्हेंट येईपर्यंत थांबणारं प्रॉमिस देतं, आणि मधे एरर आली तर ते नाकारलं जातं. वापरताना क्रम असा:

१. वन्स लावून प्रॉमिस व्हेरिएबलमध्ये ठेवा. अजून अवेट नको.

२. ज्या कृतीमुळे तो इव्हेंट येणार ती कृती करा.

३. आता अवेट करा. कृतीचंही प्रॉमिस असेल तर दोन्ही प्रॉमिस डॉट ऑलमध्ये द्या.

दुसरी पायरी आधी आणि पहिली नंतर केली तर इव्हेंट निघून गेलेला असू शकतो आणि टेस्ट कायमची थांबते. वन्स भूतकाळातला इव्हेंट सांगत नाही.

एक बारीक गोष्ट, जी नव्याने लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला चकवते. क्लायंटला कनेक्ट इव्हेंट आला म्हणजे सर्व्हरच्या कोडला कनेक्शन इव्हेंट आलाच, असं नाही. टीसीपीची हातमिळवणी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) करतो. क्लायंट जोडला गेल्याचं सांगतो त्या क्षणी सर्व्हरचा सेट अजून रिकामा असू शकतो. सेटमधलं सॉकेट उचलून तोडायचं असेल, तर आधी सर्व्हरच्या कनेक्शन इव्हेंटची वाट बघा.

आणखी दोन खबरदाऱ्या. असर्ट डॉट रिजेक्ट्स (प्रॉमिस नाकारलं जातं का हे तपासणारं फंक्शन) स्वतः प्रॉमिस देतं, त्याच्यापुढे अवेट हवाच. अवेट राहून गेला तर तपासणी होण्याआधीच टेस्टचं फंक्शन संपतं. माझी हिरवी टेस्ट हीच होती. आणि कॉलबॅक घेणारी टेस्ट प्रॉमिसही परत देत असेल, तर ती मिसळ करू नका, एकच पद्धत धरा.

नोडच्या रनरमध्ये टेस्टला मुळात कसलीही मुदत नसते, अडकलेली टेस्ट अडकूनच राहते. म्हणून प्रत्येक टेस्टला १० सेकंदांचा टाइमआउट द्या. हा जाळं म्हणून आहे. टेस्ट तिथपर्यंत पोचली तर ती नापास, तिने तेवढा वेळ खाणं अपेक्षित नाही.

तपासा: अपेक्षित उत्तर मुद्दाम चुकीचं लिहून टेस्ट चालवा. ती पडलीच पाहिजे. पडली नाही तर कुठेतरी अवेट सुटला आहे. हे प्रत्येक नव्या टेस्टसाठी करा, अर्धं मिनिट लागतं.

## टप्पा ४: तुकडे

टीसीपी हा बाइटचा प्रवाह आहे. पलीकडून एकदा राइट झालं म्हणजे अलीकडे एकदाच डेटा इव्हेंट येईल, असा करार कुठेही नाही. एक निरोप दोन तुकड्यांत येईल किंवा तीन निरोप एका तुकड्यात येतील. लोकल मशीनवर छोटा निरोप बहुतेक वेळा अखंड येतो, म्हणून चुकीचा कोडही तिथे चालतो. खऱ्या नेटवर्कवर मोठा निरोप गेला की तो मोडतो.

आपल्याला मराठीत काम करणाऱ्यांना हा मोड लवकर दिसतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. 'नमस्कार'मध्ये हलन्त आणि काना धरून ७ चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. तुकडा एखाद्या चिन्हाच्या मधोमध पडला आणि कोडने प्रत्येक तुकड्यावर लगेच टू-स्ट्रिंग केलं, तर त्या जागी बदली चिन्ह येतं, तेच काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. इंग्रजी मजकुरावर हीच चूक कधी दिसत नाही, कारण तिथे अक्षर १ बाइटचं. म्हणून टेस्टचा मजकूर देवनागरीच ठेवा. 'हॅलो' इंग्रजी अक्षरांत लिहून केलेली टेस्ट इथे काहीच सिद्ध करत नाही.

सर्व्हरकडून अर्धा निरोप लिहायचा, थोडं थांबायचं आणि उरलेला लिहायचा, असा मोह होईल. पण ते दोन भाग वेगळे पोचतील याची हमी नाही आणि थांबा पुन्हा घड्याळावर आला. टप्पा १ मध्ये ओळी काढणारा भाग वेगळा केला तो इथे कामाला येतो. सॉकेट बाजूला ठेवा आणि हे करा:

१. एकच किल्ली 'शब्द' आणि तिची किंमत 'नमस्कार' असलेली जेसनची ओळ घ्या. मधे जागा न सोडता, शेवटच्या नव्या ओळीसकट ती ४१ बाइटची होते.

२. ती दोन तुकड्यांत कापण्याच्या ४० जागा आहेत. लूप लावून चाळीसही जागी कापा. प्रत्येक वेळी नवा पार्सर (ओळी काढणारा तोच भाग), दोन तुकडे, आणि शेवटी नेमकी एक अखंड ओळ.

३. मग एकेक बाइट देऊन बघा.

४. दोन ओळी एकाच बफरमध्ये, दीड ओळ एका बफरमध्ये, रिकामी ओळ.

५. नवी ओळ कधीच न येणारा लांबलचक मजकूर. पार्सरने ठरलेल्या मर्यादेला एरर दिली पाहिजे. नाही तर पलीकडचा बिघडलेला सर्व्हर तुमची मेमरी भरून टाकेल.

या टेस्टमध्ये नेटवर्क नाही, वाट बघणं नाही, सगळ्या मिळून डोळ्याचं पातं लवण्याआधी संपतात, आणि कुठल्याही मशीनवर तेच उत्तर देतात.

दुरुस्ती कशी करायची? बाइट साठवत राहा, १० या किमतीच्या बाइटवर कापा, आणि पूर्ण ओळ हाती आल्यावरच स्ट्रिंग करा. यूटीएफ-८ मध्ये अनेक बाइटच्या चिन्हाच्या पोटात १० हा बाइट कधी येत नाही, म्हणून असं कापणं सुरक्षित आहे. सॉकेटला सेट एन्कोडिंग लावूनही अर्धी चिन्हं सांभाळली जातात.

सावधान: तुमच्या प्रोटोकॉलमध्ये निरोपाआधी लांबी पाठवत असाल तर ती बाइटमध्ये मोजा. 'नमस्कार'ची लेंग्थ ७ येते, बफरची बाइट लेंग्थ २१. पहिली पाठवलीत तर पलीकडचा निरोपाचा एक तृतीयांश भागच वाचेल.

## टप्पा ५: कनेक्शन मुद्दाम मोडा

बहुतेकांच्या टेस्ट सुरळीत मार्गावर संपतात. खरा कोड मात्र मोडण्याच्या वाटांवर असतो, आणि त्या एकमेकींसारख्या नसतात. 'कनेक्शन गेलं' अशी एक टेस्ट पुरत नाही.

१. दार बंद. सर्व्हर शून्य पोर्टवर उभा करा, पोर्ट टिपून घ्या, सर्व्हर बंद करा, बंद होण्याची वाट बघा, आणि मग क्लायंटला त्या पोर्टवर पाठवा. ईकॉनरिफ्यूज्ड (कनेक्शन नाकारलं) ही एरर यायला हवी. संदेशाचा मजकूर जुळवू नका, तो आवृत्तीगणिक बदलू शकतो. एररचा कोड तपासा.

२. नाव सापडत नाही. इथे खरी डीएनएस वापरू नका. इंटरनेट नसलेल्या कंटेनरमध्ये वेगळीच एरर येते. सॉकेटच्या कनेक्टला लुकअप नावाचा पर्याय देता येतो. त्यात ईनॉटफाउंड कोडची एरर परत देणारं आपलं फंक्शन द्या.

३. मधेच झटका. निरोप सर्व्हरपर्यंत पोचल्याची खात्री झाल्यावर सर्व्हरच्या सॉकेटवर रीसेट अँड डिस्ट्रॉय चालवा. क्लायंटला ईकॉनरीसेट (पलीकडून कनेक्शन एकदम तोडलं) ही एरर दिसेल. ही मेथड नोड १८.३ पासून आहे.

४. सभ्यपणे निघून जाणं. तीच वेळ, पण सर्व्हरने एंड म्हणायचं. इथे क्लायंटला एरर येतच नाही, फक्त एंड आणि मग क्लोज. मी पाहिलेल्या क्लायंटमधली सर्वात जास्त सापडणारी चूक हीच: थांबलेली विनंती फक्त एरर इव्हेंटमध्ये नाकारली जाते, त्यामुळे सर्व्हर शांतपणे निघून गेला की विनंती आयुष्यभर थांबते. थांबलेल्या सगळ्या विनंत्या क्लोज इव्हेंटमध्ये नाकारा. एररनंतरही क्लोज येतोच, तेव्हा एकाच जागी काम होतं.

५. मौन. सर्व्हर कनेक्शन घेतो आणि बोलतच नाही. उत्तराची मुदत ५० मिलिसेकंद ठेवा आणि क्लायंटची स्वतःची टाइमआउट एरर येते का बघा. सॉकेटचं सेट टाइमआउट फक्त टाइमआउट इव्हेंट देतं, सॉकेट बंद करत नाही. बंद तुम्हालाच करावं लागतं. म्हणून टेस्टमध्ये एररसोबत हेही तपासा, की सर्व्हरच्या बाजूचं सॉकेट बंद झालं.

६. उशिरा आलेलं उत्तर. पहिल्या विनंतीची मुदत संपू द्या, दुसरी पाठवा, आणि मग सर्व्हरकडून पहिलीचं उत्तर लिहा. क्लायंटने ते दुसरीचं म्हणून घेतलं, तर एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याला गेली असं समजा. उपाय दोनच: प्रत्येक निरोपाला क्रमांक, किंवा मुदत संपली की ते कनेक्शनच टाकून देणं. एवढी एक टेस्ट तरी लिहाच. यातला बग लॉगमध्ये एरर म्हणून दिसत नाही, तो चुकीच्या माहितीच्या रूपात बाहेर येतो.

जोडणीच्या मुदतीबद्दल वेगळं सांगायला हवं. सर्व्हरने कनेक्शन इव्हेंटकडे लक्षच दिलं नाही तर क्लायंटची जोडणी रखडेल, असं वाटतं. ती रखडत नाही, कारण हातमिळवणी कर्नलने उरकलेली असते. पोचता न येणाऱ्या आयपीवर जोडायचं म्हटलं तर निकाल तुमच्या नेटवर्कवर ठरतो. त्यामुळे इथे टप्पा १ मधलं सॉकेट बनवणारं फंक्शन बदला आणि कनेक्ट कधीच न सांगणारं खोटं सॉकेट द्या.

एचटीटीपीवर फेच (वेबवर विनंती पाठवणारं फंक्शन) वापरत असाल तर तीन गोष्टी. नेटवर्क पडलं की फेच टाइप एरर देतं आणि खरा कोड तिच्या कॉजमध्ये असतो, तिथे बघा. सर्व्हरने ५०० हा चुकीचा स्टेटस दिला तरी ते उत्तर फेचसाठी एरर नाही. आणि हेडर आले की फेच पूर्ण होतं, बॉडी नंतर येते. सर्व्हरकडून १०० बाइटची लांबी सांगून ४० बाइट पाठवा आणि सॉकेट तोडा. फेच यशस्वी होईल आणि टेक्स्ट वाचताना एरर येईल. तुमचा ट्राय-कॅच फक्त फेचभोवती असेल तर ती चूक या टेस्टमध्ये उघडी पडेल.

## टप्पा ६: वेळेची टेस्ट

पुन्हा जोडण्याआधी किती थांबायचं हे एका साध्या फंक्शनमध्ये काढा: कितवा प्रयत्न ते द्या, मिलिसेकंद परत मिळू द्या. १, २, ४, ८ सेकंद आणि पुढे कमाल ३०, असं असेल तर ते थेट तपासा. त्यात यादृच्छिक भर घालत असाल तर ती संख्या देणारं फंक्शनही बाहेरून द्या.

नोडच्या रनरमध्ये २०.४ पासून खोटं घड्याळ आहे. त्याचा टिक पुढे सरकवला की सेट टाइमआउट लगेच चालतं. मात्र सॉकेटची स्वतःची मुदत नोडच्या आतल्या घड्याळावर चालते, तिला हे खोटं घड्याळ लागू होत नाही. आणि खरं सॉकेट वापरत असाल तर आधी क्लोज इव्हेंटची वाट बघा, मग टिक. कनेक्शन तुटल्याचं क्लायंटला कळण्याआधीच घड्याळ सरकवलं, तर सरकवण्यासारखा टायमर तिथे नसतोच.

सावधान: 'इतक्या मिलिसेकंदांच्या आत झालं' अशी वरची मर्यादा तपासू नका. गर्दीच्या मशीनवर ती पडते. काय झालं आणि कोणत्या क्रमाने झालं, एवढं तपासा.

## टप्पा ७: आवरून ठेवा

टेस्ट सुरू होताच, सर्व्हर उभा केल्याच्या पुढच्याच ओळीत, आफ्टरमध्ये त्याची आवराआवर नोंदवा. टेस्टच्या शेवटच्या ओळीत लिहिली तर मधे असर्ट पडल्यावर ती चालत नाही.

१. क्लायंट बंद करा आणि वाट बघा. तो आधी बंद नाही केला, तर सर्व्हर जाताच तो पुन्हा जोडायला धावेल.

२. सेटमधली उरलेली सॉकेट डिस्ट्रॉय करा.

३. सर्व्हर क्लोज करा आणि वाट बघा.

सर्व्हरचा क्लोज फक्त नवी कनेक्शन थांबवतो. जुनी सुरू असतील तर तो त्यांच्यासाठी थांबून राहतो. दुसरी पायरी गाळली की तिसरी अडकते ती यामुळे. एचटीटीपी सर्व्हरला यासाठी क्लोज ऑल कनेक्शन्स ही मेथड १८.२ पासून आहे.

सगळ्या टेस्ट पास होऊनही प्रोसेस संपत नसेल तर जबरदस्तीने संपवण्याचा पर्याय लावू नका. नोड, मोका, जेस्ट, तिन्हींत तो आहे, आणि तिन्हींत तो खरी गळती झाकतो. प्रोसेसला गेट ॲक्टिव्ह रिसोर्सेस इन्फो विचारा. त्या यादीत टीसीपी सॉकेट उरलं आहे की टायमर, ते दिसेल. टायमर असेल तर बहुधा पुन्हा जोडण्याचा आहे, म्हणजे क्लायंटच्या बंद मेथडमध्ये दोष आहे.

तपासा: बंद मेथडच्या तीन वेगळ्या टेस्ट हव्यात. जोडणी चालू असताना बंद, पुन्हा जोडण्याआधीच्या थांब्यात बंद, आणि दोनदा बंद.

## टप्पा ८: सीआयवर नेण्याआधी

नवी टेस्ट शंभर वेळा सलग चालवा, आणि त्याच वेळी मशीनवर दुसरं जड काम सुरू ठेवा. शंभरात एकदा पडली तर ती पडणारी टेस्ट आहे. आपोआप पुन्हा चालवण्याची सोय लावण्याऐवजी टप्पा ३ चा क्रम पुन्हा तपासा, बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

टीएलएस (एन्क्रिप्ट केलेलं कनेक्शन) असेल तर सर्टिफिकेटची पडताळणी बंद करून टेस्ट करू नका. टेस्टसाठी स्वतःचं सर्टिफिकेट बनवा आणि क्लायंटला सीए (कोणत्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा ते सांगणाऱ्या) पर्यायातून द्या. पडताळणी बंद करणारी ओळ टेस्टमधून प्रॉडक्शनच्या सेटिंगमध्ये पोचायला एक कॉपी-पेस्ट पुरते. सोबत अनोळखी सर्टिफिकेट नाकारलं जातं का, याचीही एक टेस्ट ठेवा.

खऱ्या दूरच्या सर्व्हरशी बोलणारी तपासणी हवी असेल तर ती वेगळ्या कमांडमध्ये ठेवा आणि रात्री एकदा चालवा. ती पडली तर समोरच्यांनी काहीतरी बदललं किंवा नेटवर्क गेलं होतं, एवढंच कळतं. त्या बदलाचा नमुना हाती आला की तो टप्पा २ च्या सर्व्हरमध्ये घाला आणि त्याची टेस्ट रोजच्या संचात लिहा.